चौथी फुली

फुलीकाकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि जन्मभर तिथेच राहिलं. दुकानातला झाडूवाला, समोरचा घड्याळजी, खुद्द साहेब, सगळे त्यांना फुलीकाका म्हणत. घरी बायको 'अहो' म्हणायची, त्यामुळे तिथेही नावाचं काही अडलं नाही.

घरगुती सामानाच्या एका मोठ्या दुकानात, फ्रीजच्या आणि कपडे धुण्याच्या मशिनांच्या रांगा ओलांडून मागे गेलं की एक काउंटर लागायचं. दुकान एकाचं, काउंटर दुसऱ्याचं. म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीचं. पुढे वस्तू पसंत करायची आणि मागे येऊन हप्ते गळ्यात बांधून घ्यायचे. या काउंटरवर काका एकोणीस वर्षं बसले. समोर कर्जाचा करार, बारीक अक्षरांची अकरा पानं. ती आजवर कुणी वाचली नव्हती. छापणाऱ्याने तरी वाचली असतील असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक पानं हातात घ्यायचं, चाळल्यासारखं करायचं आणि विचारायचं, "सही कुठे करू?"

त्यासाठी फुली. गिऱ्हाईक बसायच्या आधीच काका मऊ शिशाच्या पेन्सिलीने चार ठिकाणी चिमुकली फुली मारून ठेवायचे. "फुली दिसेल तिथे सही करा," एवढंच वाक्य बोलायचे. सही झाली की खोडरबराने फुली पुसायची आणि भुगा फुंकरीने उडवायचा. हात इतका हलका की पुसल्यावर कागदावर खूणसुद्धा उरत नसे. तरुणपणी त्यांना पाट्या रंगवायच्या होत्या. दोन वर्षं एका पाटीवाल्याकडे उमेदवारीही केली. मग लग्न झालं, पोट मागे लागलं, आणि हातातली सगळी कला त्या फुलीत येऊन बसली.

पहिली फुली कर्जाच्या रकमेखाली, दुसरी हप्त्याखाली, तिसरी 'हप्ते थकल्यास सामान उचलून नेण्यास माझी हरकत नाही' या ओळीखाली. चौथी फुली नवव्या पानावर, विम्याची. ही चौथी नीट समजून घ्या, कारण घोडं तिथेच पेंड खातं. कर्जदार मेला किंवा कायमचा निकामी झाला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडेल, आणि हा विमा मी राजीखुशीने मागत आहे, असं त्या पानावर छापलं होतं. राजीखुशीने! एकोणीस वर्षांत एका माणसाने तोंड उघडून विमा मागितला नव्हता. फुली होती म्हणून सही होती, आणि सही होती म्हणून विम्याचा आकार, म्हणजे त्याचे पैसे, गुपचूप हप्त्यात मिसळला जात होता. कंपनीच्या साहेबांच्या काचेच्या खोलीत एक तक्ता होता. महिन्यात किती कर्जं दिली आणि त्यातल्या किती जणांनी विमा घेतला. दुसऱ्या रकान्यात सदानकदा शंभर टक्के. तो रकाना म्हणजे काकांची पेन्सिल.

काका वाईट माणूस होते का? छे. वाईट व्हायला थोडीफार धडाडी लागते, ती त्यांच्यात नव्हती. ते आज्ञाधारक होते, आणि जगातली निम्मी लूटमार अशाच लोकांच्या सुवाच्य अक्षरात होते.

मग एके दिवशी सरकारी तपासनीस येऊन गेले आणि हुकूम सुटला की विम्याबाबत कायद्याने घातलेल्या मर्यादा प्रत्येक कर्जाच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला दिसतील अशा लावायच्या. साहेबांनी पत्र्याचा फलक मागवला आणि तो लावला कुठे, तर पाण्याच्या पिंपामागे. नळाखाली पेला धरून कमरेत वाकलं तरच तो दिसायचा. काकांना साखरेचा आजार, घशाला सारखी कोरड, दिवसाला दहा पेले पाणी. त्यामुळे सगळ्या दुकानात तो फलक वाचला तो एकट्या काकांनी, तोही एका पेल्याला एक ओळ असा.

विमा घेणं न घेणं कर्जदाराच्या मर्जीवर, हा एक पेला. घेतलेल्या कर्जापेक्षा जास्त रकमेचा विमा गळ्यात मारता येणार नाही, हा दुसरा. आणि तिसऱ्या पेल्याला काकांच्या घशात पाणी अडकलं. विम्याचा आकार शंभरामागे वर्षाला दीडपेक्षा जास्त घेता येणार नाही. विमा इतर कुठल्याही सेवेशी न जोडता, मागेल त्याला सुटा दिला पाहिजे.

काउंटरवर परत येऊन काकांनी एका जुन्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. कंपनी शंभरामागे साडेआठच्या वर घेत होती. दुसऱ्यांदा मांडला, तेवढंच आलं. ते पावती घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. काउंटरपासून त्या खोलीपर्यंत अकरा पावलं होती, आणि एकोणीस वर्षांत कुणी बोलावल्याशिवाय ती पावलं काकांनी पहिल्यांदाच टाकली.

साहेब वयाने काकांच्या मुलासारखा. हसून म्हणाला, "काका, विमा दीडनेच आहे की. बाकीचं सुरक्षा पॅकेज. मदत क्रमांक, सामानाचं संरक्षण, सभासद फी. सगळं मिळून एक सही."

"पण सुटा विमा मागितला तर?"

"कुणी मागितलाय का आजवर?"

"नाही."

"मग? पाणी कमी प्या तुम्ही."

काका परत आले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? पण त्या दिवसापासून चौथी फुली मारताना पेन्सिल जड लागू लागली. चेहरे दिसू लागले. आधी फक्त हात दिसायचे.

आणि नेमका त्याच दिवसांत काचवाला आला.

हा खिडक्यांना काचा बसवायचा. दहा बोटांपैकी चारांना पट्ट्या, आणि तोंड सदा हसरं. "माझा धंदाच असा, काका," तो म्हणाला, "लोकांचं फुटलं की आमचं पिकतं." बरोबर बायको होती, शिलाईवाली. शाळांचे गणवेश शिवायची, पण दुसऱ्याच्या मशिनांवर, नगामागे पैसे घेऊन. आता तिला घरीच काम मिळत होतं. दोन शिलाई मशिनं आणि कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक, सगळं मिळून छत्तीस हजार, दोन वर्षांत फेडायचं. मशिनांवरून ती असा हात फिरवत आली होती की पुढच्या विक्रेत्याने फडक्याने तिच्या बोटांचे ठसे पुसत मागे फिरायचं थांबवलं होतं.

"महिन्याला अठराशे पन्नास," काचवाला म्हणाला. "रात्रभर बसून हिशेब केलाय आम्ही. त्याच्यावर एक गेला तर भाडं थकतं. काका, बसेल ना यात?"

हप्ता येत होता अठराशे. पॅकेजचे दोनशे साठ वर. दोन हजार साठ.

करार काकांच्या समोर होता आणि त्यात तीनच फुल्या मारून झाल्या होत्या. त्यांनी बायकोकडे बघितलं, नवऱ्याच्या पट्ट्यांकडे बघितलं, साहेबाच्या खोलीकडे बघितलं. साहेब फोनवर होता. काकांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"बसेल," ते म्हणाले. "फुली दिसेल तिथे सही करा."

काचवाल्याने तीन सह्या केल्या. पट्टीच्या अंगठ्यामुळे शेवटच्या अक्षराची शेपटी थरथरत जायची. नववं पान कोरं राहिलं. एकोणीस वर्षांतलं पहिलं कोरं नववं पान! त्या संध्याकाळी काका घरी गेले ते शीळ घालत. बायको म्हणाली, "काय हो, पगार वाढला की काय?" काकांनी सगळं सांगितलं. ती त्यांच्या ताटात पुन्हा एकदा वाढत म्हणाली, "चला, एक तरी पुण्य पदरात पडलं." काका त्या रात्री गाढ झोपले. म्हणजे बघा, माणसाला किती थोडक्यात झोप लागते.

महिनाअखेरीला साहेबाच्या तक्त्यावर नव्याण्णव टक्के आले. साहेबाने विचारलं, काका म्हणाले, "नजरचूक." प्रकरण तिथेच मिटलं.

सात हप्ते काचवाल्याने स्वतः येऊन भरले. एकदा येताना त्याने काउंटरवरची तडकलेली काच मापाने कापून आणली आणि फुकट बसवून दिली. आठव्या महिन्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीची चौकट निखळली आणि तो काचेसकट खाली आला.

पंधराव्या दिवशी शिलाईवाली काउंटरवर आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला आणि कराराची घडी. तिने सगळं नीट लावून काकांपुढे ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

"वर्कशॉपमधल्या बायका म्हणाल्या, माणूस गेला की विमा राहिलेलं कर्ज फेडतो. त्यांच्यातल्या एकीचं फिटलं तसं, याच दुकानातलं. हे म्हणायचे, काकांनी आपलं सगळं व्यवस्थित करून दिलंय. तर विमा असेलच ना, काका?"

नाही, हा शब्द जिभेवर होता. दोन अक्षरं. ती त्यांना म्हणता आली नाहीत. समोर बसलेल्या त्या बाईने रडून रडून सुजलेल्या डोळ्यांत एवढा एकच आधार आणला होता, तो काढून घ्यायचा कसा?

"बघतो," ते म्हणाले. "कागद ठेवून जा. होईल काहीतरी."

हे 'होईल' त्यांना महागात पडलं; तिला त्याहून महागात. तिचा भाऊ चार हप्ते भरायला निघाला होता. तिने त्याला सांगितलं, "काका म्हणालेत होईल." भावाने ते पैसे स्वतःच्या घराचं गळकं छत शाकारायला लावले. त्याचं तरी काय चुकलं?

आता इकडे आड, तिकडे विहीर. काका फलकापुढे वाकून वाकून वाचू लागले. पाणी न पिताच. मर्यादा होत्या, अटी होत्या, आकार परत करण्याची कलमं होती. विमा काढलाच नाही अशा मेलेल्या माणसासाठी काही नव्हतं. कायदा लुटणाऱ्याचा हात धरत होता, पण काकांनी लूट टाळताना विमाही टाळला होता, आणि त्याला कायदा काय करणार?

खरा घाव त्यांना त्या वाकलेल्या अवस्थेत बसला. छत्तीस हजार. शंभरामागे दीड. वर्षाला पाचशे चाळीस. महिन्याला पंचेचाळीस. अठराशे आणि पंचेचाळीस.

हे त्यांनी तेव्हाच मांडायला हवं होतं. पावती खिशात होती. छापील दोनशे साठ खोडून पंचेचाळीस लिहायचे, अकरा पावलं चालायची आणि म्हणायचं, हा माणूस सुटा विमा मागतोय, कायद्याने द्यावा लागतो. साहेब ओरडला असता. कदाचित नोकरी गेली असती. फुली न मारायला काही लागत नाही, पेन्सिल कानामागे ठेवली की झालं. आकडा खोडायला छाती लागते. काकांनी छातीचं काम पेन्सिलीवर भागवलं होतं, आणि वर त्याला पुण्य म्हणून घरी जाऊन दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

हप्ता थकला. पहिला काकांनी स्वतः भरला. बायकोने डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेल्या डब्यातले पैसे न मागता काढून दिले. "एका डोळ्याने दिसतंय अजून," म्हणाली. दुसऱ्या हप्त्याला डबा रिकामा होता.

मग एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, काका कागदपत्रांच्या खोलीत शिरले. लोखंडी कपाटातून काचवाल्याची फाईल काढली. नववं पान कोरं. शेजारी तीन सह्या, थरथरत्या शेपटीच्या. काकांनी टेबल पुसलं, पान सरळ केलं. आणि काय करावं या माणसाने? सही स्वतःच करायची होती, बघणारं कुणी नव्हतं, तरी आधी पेन्सिलीने फुली मारली. सवय! मग पेन उचललं. पाटीवाल्याकडची दोन वर्षं हातात जागी झाली. अक्षरं उतरली, शेपटी थरथरली. ती मुद्दाम थरथरवावी लागली नाही. फुली पुसली, फुंकर मारली, आणि अकरा पावलं चालून साहेबासमोर फाईल ठेवली.

"याने विमा घेतला होता, साहेब. आकार लावायचा माझ्याकडून राहिला. चूक माझी. माझ्या पगारातून कापा, मला काढा, पण बाईचा दावा पुढे पाठवा."

साहेबाने पान उजेडात धरलं. मग आडवं केलं आणि घडीवरून बोट फिरवलं. बोटाला काळपट कण लागले.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "दहा महिन्यांपूर्वीची सही, आणि खोडरबराचा भुगा आजचा?"

एकोणीस वर्षं काका फुंकर नीट मारत आले होते.

"आणि सही खरी असती तरी काय? आकार पोचला नाही म्हणजे विमा नाही. माणूस मेल्यावर विमा काढायचा म्हणजे वरातीमागून घोडं." त्याने फाईलमधून ते पान काढलं आणि आपल्या खणात ठेवलं. खणाला किल्ली लावली. "हे माझ्याकडे राहू दे. मी पोलिसांत देणार नाही. तुम्ही जुने आहात, हात चांगला आहे तुमचा. फक्त आता तो फलक, ते दीड, ते सगळं डोक्यातून काढायचं. बाहेर कुणापाशी बोललात तर मी पण बोलेन."

आता काका चोरही आणि चोराचा नोकरही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण साहेबाचं अजून संपलं नव्हतं. दोन दिवसांनी त्याने काकांना बोलावलं तेव्हा चेहरा खुलला होता.

"काका, मी विचार केला. ही काचवाल्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. विमा नको म्हणाला, मेला, बायको उघड्यावर. गिऱ्हाईक बसलं की आधी ही सांगायची. तुमच्या तोंडून शोभेल. तुम्ही त्याला ओळखत होता."

"तो नको म्हणाला नव्हता, साहेब."

साहेबाने फक्त खणाकडे बघितलं.

त्याच आठवड्यात वसुलीवाले शिलाईवालीच्या खोलीवर गेले. दोन मशिनं आणि ओव्हरलॉक, अर्धवट शिवलेल्या गणवेशांसकट टेम्पोत चढवली. गणवेश तिने मागून धावत जाऊन उतरवून घेतले. तिने विचारलं, विम्याचं काय? वसुलीवाल्याला साहेबाने सांगितलं होतं तेच त्याने सांगितलं. "तुमच्या नवऱ्याने नाकारला बाई. चार पैसे वाचवायला." काकांना हे झाडूवाल्याकडून कळलं, कारण तो तिच्याच गल्लीत राहायचा. त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. नोकरी सोडून द्यावी असं रोज वाटायचं, आणि रोज साडेनऊला ते काउंटरवर हजर असायचे.

गोष्ट मात्र चालली. साहेब खोलीचं दार किलकिलं ठेवून ऐकायचा. "एक काचवाला होता," काका सुरुवात करायचे. पहिल्यांदा सांगताना घसा बसला, तो गिऱ्हाइकाला खरा कळवळा वाटला. नवव्या पानावर सह्या करताना बायका डोळे पुसू लागल्या. तक्त्यावर पुन्हा शंभर टक्के आले.

दीड महिन्याने, शनिवारच्या दुपारी, एक नवं जोडपं फ्रीज घ्यायला आलं. नवऱ्याला घाई होती, सारखं घड्याळ बघत होता. काकांनी चार फुल्यांचा करार त्याच्यासमोर सरकवला आणि दाराच्या फटीकडे न बघता सुरुवात केली.

"एक काचवाला होता. फार हसरा माणूस. त्याला विमा घे म्हटलं, तर नको म्हणाला. चार पैसे वाचवायला गेला, आणि..."

काकांनी मान वर केली. दोन फ्रीजच्या मधे शिलाईवाली उभी होती. हातात छोटी कापडी पिशवी. मशिनांसोबत काही सुटे भाग गेले नव्हते म्हणून वसुलीवाल्यांनी तेही तिच्या नावावर चढवले होते, ते परत करायला ती आली होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. ती पुढे आली. पिशवी काउंटरवर, नवऱ्याने बसवलेल्या काचेवर ठेवली. आत दोऱ्याचे बॉबिन खुळखुळले.

"म्हणजे खरंच नको म्हणाले होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मला वाटत होतं, वसुलीवाला खोटं बोलला असेल. काका, मी दीड महिना त्यांच्या फोटोशी बोलले नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय."

साहेब दारात येऊन उभा राहिला होता. काकांना तो दिसला. खण दिसला, किल्ली दिसली, त्यातलं पान दिसलं. घरी बायकोचा एक डोळा. सगळं दिसलं.

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही?"

"ते नको म्हणाले नव्हते, पोरी. त्यांना कुणी विचारलंच नाही. मी त्या पानावर फुली मारली नाही. तुमचे पैसे वाचावेत म्हणून."

"काका," साहेब म्हणाला, "आत या जरा."

"फोटो सरळ कर घरी जाऊन," काका तिला म्हणाले. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. "त्यांचा काही दोष नाही. खोटी सही करून बघितली मी नंतर, तीही पकडली गेली. सगळं माझं आहे."

तिने काउंटरवरची पिशवी सरळ केली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, "किती वाचले?"

"कंपनी दोनशे साठ घेते महिन्याला."

"तेवढे नव्हतेच आमच्याकडे," ती हळूच म्हणाली, जणू त्यांना माफ करायचा रस्ता शोधत होती. खरं तर काकांनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण एकदा खरं बोलायला लागलेल्या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही.

"कायद्याने एवढे घेताच येत नाहीत. तिकडे पिंपामागे लिहिलंय. कायद्याने पंचेचाळीस होतात."

"वर्षाला?"

"महिन्याला."

तिचे ओठ हलले. कपडा बेतताना हलावेत तसे. अठराशे पन्नासचा हिशेब तिने नवऱ्याबरोबर रात्रभर बसून केला होता, तो तिला काकांपेक्षा पाठ होता.

"एवढे होते की हो काका," ती म्हणाली. "पाच उरले असते वर."

तिने पिशवीतले बॉबिन एकेक करून मोजले, काचेवर ओळीने ठेवले, रिकामी पिशवी घडी घातली आणि फ्रीजच्या रांगांमधून निघून गेली. पावती मागायची राहिली.

"काका, आत या म्हणालो ना," साहेब पुन्हा म्हणाला. त्याच्या हातात किल्ली होती.

काका उठले. पण उठता उठता त्यांनी टेबलापलीकडच्या त्या जोडप्याकडे वळून बघितलं. निदान एक पान, निदान आज. खोडरबर हातात घेऊन ते घाईघाईने म्हणाले, "तुम्ही ऐकलंत ना आत्ता? ते नववं पान थांबा, त्याच्यावर सही करू नका, सुटा विमा मागा, पंचेचाळीसच्या हिशेबाने..."

नवऱ्याने घड्याळातून मान वर काढली आणि करार त्यांच्याकडे सरकवला.

"झालं की काका," तो म्हणाला. "तुमचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात उरकून टाकलं. फुली होती तिथे सगळीकडे केल्यात."